टाकी भरलेली, तुळस वाळलेली: कुंड्यांना आपोआप पाणी देणाऱ्या साधनांचा बिघाड शोधताना

गणपतीला, दिवाळीत किंवा मे महिन्यात गावाला जाऊन आलं की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या गॅलऱ्यांमधून दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. बादलीतलं पाणी कुंडीत ओढणारी दोरीची वात लावली होती, बाटल्या मातीत उलट्या खोचल्या होत्या, कुणी तर पंप आणि टायमरही बसवला होता; तरी दोन कुंड्या वाळल्या, एक कुजली आणि बादलीतलं पाणी जवळजवळ जसंच्या तसं. मग ही साधनं बिनकामाची ठरून माळ्यावर जातात आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: साधन बहुतेक वेळा धडधाकट असतं. टाकीपासून मुळापर्यंत जाताना पाणी वाटेत कुठेतरी एका जागी तुटतं. ती जागा सापडली नाही तर नवं, महागडं किट आणूनही हेच होणार.

ती जागा शोधायला दोन गोष्टी बघितल्या तरी पुरतं. टाकीतलं पाणी किती उतरलंय आणि कुंडीतली माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत ओली लागतेय का. टाकी भरलेली आणि माती कोरडी असेल तर वाटेत खंड पडलाय. दोन्ही कोरडी असतील तर हिशेब चुकलाय. टाकी रिकामी आणि कुंडीत चिखल असेल तर पाणी न थांबता वाहून गेलंय. माती ओली असूनही झाड मान टाकून उभं असेल तर बहुतेक मुळं कुजली आहेत, आणि तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे झाड मारणं.

टाकी भरलेली, माती कोरडी

सगळ्यात जास्त वेळा हेच होतं, आणि वातीच्या बाबतीत तर हमखास. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. "अगं, बादली बघ, गळ्यापर्यंत भरलेली आहे, मग तुळस का गेली?" कुंडी उचलून बुडातून आलेली सुती दोरी पाहिली. बादलीतला भाग भिजलेला, पाण्याच्या वर चार बोटं ओलसर, आणि त्यापुढे कुंडीपर्यंत पूर्ण कोरडी. कुंडीच्या आत तर ती दोरी नवी कोरी असल्यासारखी पांढरी होती. पाणी मातीपर्यंत एकदाही पोहोचलं नव्हतं.

याची कारणं तीन, आणि तिन्ही एकत्रही असू शकतात.

पहिलं कारण दोरीच. बाजारातून आणलेल्या कोऱ्या सुती दोरीवर कापसाचं नैसर्गिक मेण आणि खळ असते, त्यामुळे ती पाणी धरत नाही. चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ती दहा-पंधरा मिनिटं उकळा, खळखळून धुवा आणि ओली असतानाच बसवा. सुती दोरीचा दुसरा दोष म्हणजे ओल्या मातीत ती काही महिन्यांत कुजते. वरून दिसायला ठीक, पण आत ओढलं की तुटून हातात येते. म्हणून कायमच्या जोडणीसाठी मी फरशी पुसायच्या मायक्रोफायबर मॉपचे धागे किंवा पॉलिस्टरची विणलेली नाडी वापरते. घेण्याआधी परीक्षा करा: पेल्यात शाई घातलेलं पाणी घ्या, नाडीचं एक टोक त्यात बुडवा आणि दुसरं सरळ वर टांगा. तासाभरात शाई वीतभर चढली तर नाडी चांगली. दोन बोटांवर अडकली तर ती नाडी कुंडीसाठी नाही.

दुसरं कारण उंची आणि वारा. समईची वात तेल वर ओढते तशीच ही पाणी ओढते, पण जितकं उंच चढायचं तितकं कमी पाणी वर पोहोचतं. पाण्याची पातळी आणि कुंडीचं बूड यांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. खोल बादली अर्धी झाली की हे अंतर आपोआप वाढतं, आणि पहिले चार दिवस चाललेली वात पाचव्या दिवशी थकते. म्हणून उंच बादलीपेक्षा पसरट टब केव्हाही बरा. शिवाय आपल्याकडे दहाव्या-पंधराव्या मजल्यावरच्या गॅलरीत वारा भणाणत असतो. टब आणि कुंडी यांच्यामधली उघडी वात त्या वाऱ्याने वाटेतच सुकते. तेवढ्या भागावर जुन्या पाइपचा तुकडा किंवा जाड स्ट्रॉ चढवला की हा प्रश्न मिटतो.

तिसरं कारण माती, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आपल्याकडच्या नर्सरीतून आणलेली रोपं बहुतेक तांबड्या चिकट मातीत असतात. ती माती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि दगडासारखी घट्ट होते. याउलट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण एकदा ठणठणीत वाळलं की पाणी घेतच नाही, वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. दोन्ही बाबतीत वात मातीला टेकलेली दिसते, पण तिच्यातलं पाणी मातीत उतरत नाही. वात पाणी देत नाही, माती ते ओढून घेते. आणि कोरडी माती ओढू शकत नाही. म्हणून वात, वर पाण्याची बाटली उलटी लावून कुंडीत खोचायचा भाजक्या मातीचा शंकू, काहीही बसवण्याआधी कुंडी अख्खी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की माती आतपर्यंत भिजली असं समजा. मग बाहेर काढून जास्तीचं पाणी निथळू द्या आणि त्यानंतर वात जोडा. मिश्रण नवीन करायचं असेल तर एक भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे). वात कुंडीच्या नुसत्या बुडाशी ठेवू नका. बुडाशी एक वेटोळं घाला आणि टोक मातीच्या मध्यापर्यंत वर आणा. कुंडीत आधीपासून झाड असेल तर बुडातल्या भोकातून विणकामाच्या सुईने किंवा जाड तारेने नाडी वर ढकलता येते.

मातीच्या शंकूचं गणितही बरंचसं असंच. शंकू रात्रभर पाण्यात भिजवलेला हवा, ओल्या मातीत घट्ट बसलेला हवा, आजूबाजूला पोकळी नको. त्यात एक वेगळी अडचण येते. ओला शंकू पाणी बाहेर सोडतो पण हवा आत घेत नाही, म्हणून वरची बाटली हळूहळू आत चेपत जाते आणि एका टप्प्याला पाणी थांबतं. वर आलेल्या बुडाला सुईने बारीक छिद्र पाडा, पाणी पुन्हा सुरू होतं. पण ज्या बाटलीला शंकू नाही, नुसती झाकणाला भोकं पाडून ती मातीत खोचली आहे, तिला हे छिद्र पाडू नका. तिच्यातलं सगळं पाणी बघता बघता कुंडीत उतरेल.

शंकू पूर्वी चालत होता आणि आता चालत नाही, बाहेरून पांढरा थर दिसतोय, तर छिद्रं क्षारांनी बुजली आहेत. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्यातही नळाला नदी-धरणाचं पाणी असतं. त्यात क्षार तुलनेने कमी. पण घोडबंदरच्या बऱ्याच संकुलांत उन्हाळ्यात टँकर येतो आणि तो बोअरवेलचा असेल तर थर लवकर धरतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड) विरघळवून शंकू त्यात काही तास बुडवा, ब्रशने घासा, स्वच्छ धुवा. पावसाळ्यात झाकण असलेल्या ड्रममध्ये थोडं पावसाचं पाणी साठवता आलं तर शंकूंसाठी तेच वापरा.

टाकी रिकामी, माती कोरडी

इथे साधनाचा काही दोष नाही, पाणीच कमी पडलंय. आठ इंची कुंडीतली भरगच्च तुळस मे महिन्यात पश्चिमेच्या गॅलरीत दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी सहज पिते. दहा दिवसांसाठी म्हणजे अडीच ते पाच लिटर. तिच्याजवळ एक लिटरची बाटली खोचून गेलात तर दोन ते चार दिवसांतच खडखडाट. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता मोठ्या कुंडीत असतील तर आकडा आणखी वाढतो. मनीप्लांट सावलीत असेल तर त्याला यापेक्षा कितीतरी कमी लागतं.

दुसऱ्यांचे आकडे घेऊ नका, आपल्या झाडाची तहान मोजा. जाण्याच्या आठवडाभर आधी साधन जोडा, टाकीवर मार्करने पाण्याची रेघ मारा आणि रोज त्याच वेळी नवी रेघ मारत जा. तीन-चार दिवसांत रोजचा खर्च डोळ्यांसमोर येतो. त्याला दिवसांनी गुणा आणि वर निम्मं धरा, कारण मे महिन्यात एखादा दिवस असा येतो की झाड दुप्पट पितं. गुणाकार टाकीपेक्षा मोठा आला तर टाकी वाढवण्याआधी तहान कमी करा: कुंड्या कठड्यापासून आत घ्या, एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं जाड थर द्या, तुळशीच्या मंजिऱ्या आणि वाढलेले शेंडे खुडा. या एवढ्यानेच खर्च बराच उतरतो.

उलट्या बाटलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. बाटली अर्धी झाली की आतल्या हवेवर ऊन पडतं, हवा फुगते आणि पाण्याला खाली ढकलते. रात्री हवा आकसून मातीतून नवी हवा आत ओढते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकलते. म्हणूनच सावलीत आठ दिवस पुरणारी बाटली उन्हात निम्म्या दिवसांतही संपते. वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून त्यावर चांदीसारखा चकचकीत फॉइल लावला तर पाणी टिकतं आणि आत शेवाळंही धरत नाही. पाणी भरून मातीत खोचायच्या काचेच्या शोभिवंत गोळ्यांचंही हेच आहे, शिवाय त्यांत पाणी फार थोडं मावतं; दोन दिवसांच्या महाबळेश्वरसाठी त्या ठीक. जेलचे मणी मातीत मिसळले की पाणी धरून ठेवतात, पण ते पाणी आधी आपणच घातलेलं असतं. त्यांच्या भरवशावर गावाला जाऊ नये.

टाकी रिकामी, कुंडीत चिखल

व्हॉट्सअॅपवर फिरणारी युक्ती अशी: स्टुलावर बादली ठेवा, तिच्यातून दोऱ्या खालच्या कुंड्यांत सोडा. ही वात नव्हे, हा वक्रनलिकेचा प्रकार झाला. बादलीतलं पाणी मातीपेक्षा उंच असेल तर दोरी पाणी आपल्या गतीने खाली आणत राहते, मातीला हवं असो वा नसो. कुंडी तुडुंब होते, पाणी ताटलीत, ताटलीतून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि आपण गावाला असताना सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. उपाय एकच: वातीची टाकी कुंडीच्या खालीच ठेवा. मग माती जितकं ओढेल तितकंच पाणी वर चढतं.

पंपाच्या किटमध्ये हाच प्रकार लपून बसलेला असतो. टायमर बंद झाला, पंप थांबला, तरी नळ्या भरलेल्या असतात आणि टाकी उंचावर असेल तर पाणी वाहतच राहतं. पहाटे तीस सेकंद चाललेला पंप दुपारपर्यंत टाकी रिकामी करतो. परीक्षा सोपी आहे: पंप चालवा, बंद करा आणि पाच मिनिटं नळीच्या टोकांकडे बघत बसा. थेंब थांबले नाहीत तर टाकी सगळ्यात खालच्या टोकापेक्षाही खाली आणा. जागेअभावी ते जमत नसेल तर टाकीच्या आतच, पाण्याच्या पातळीच्या वर, मुख्य नळीला सुईने छिद्र पाडा. पंप चालू असताना तिथून बारीक धार टाकीतच पडेल. पंप थांबला की त्या छिद्रातून हवा शिरेल आणि प्रवाह तुटेल.

एका कुंडीला पूर, दुसरी तहानलेली

हा पंपवाल्यांचा नेहमीचा त्रास. टाकी खाली ठेवली की दर वेळी नळ्यांतलं पाणी परत टाकीत उतरतं, आणि पुढच्या वेळी पंपाचे पहिले काही सेकंद नळ्या भरण्यातच जातात. वेळ वीस-तीस सेकंदांची लावली असेल तर जवळच्या कुंडीला पाणी मिळतं, टोकाच्या कुंडीला थेंबही नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं देण्याऐवजी एकदाच जास्त वेळ द्या.

मग वाटप तपासा. प्रत्येक नळीचं टोक कुंडीतून काढून स्वयंपाकघरातल्या सारख्या पेल्यात सोडा आणि एक फेरी चालवा. पेले ओळीने मांडले की कुणाला किती मिळतं ते लगेच कळतं. फरक दिसला तर आधी सगळी टोकं एका उंचीवर आणा. लोखंडी स्टँडच्या वरच्या पायरीवरची कुंडी आणि जमिनीवरची कुंडी या छोट्या पंपावर सारखं पाणी घेऊ शकत नाहीत. मुख्य नळीतून प्रत्येक कुंडीकडे जाणाऱ्या छोट्या नळ्या एकाच लांबीच्या कापा. मुख्य नळीचं शेवटचं टोक बंद करण्याऐवजी वळवून पुन्हा सुरुवातीला जोडलं, म्हणजे गोल केलं, तर दोन्ही बाजूंनी दाब येतो आणि शेवटच्या कुंडीची उपासमार थांबते. शेतात वापरतात ते दाब सांभाळणारे ड्रिपर इथे घेऊ नका, त्यांना लागणारा दाब या पंपात नसतो. पंपाच्या तोंडाशी जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा बांधला तर कचरा आत जात नाही.

वीज हा वेगळाच विषय. गावाला जाताना घराचा मेन स्विच बंद करायची आपल्याकडे सवय आहे, आणि गॅलरीतला पंपही त्याच्यासोबत बंद होतो! त्यावर कुणी पॉवर बँक जोडतं, तर पंप झोपलेला असताना टायमर इतकी कमी वीज घेतो की बऱ्याच पॉवर बँका काही वेळाने स्वतःहून बंद पडतात. सेलवर चालणारा टायमर, नवे अल्कलाइन सेल घालून, हा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. यूएसबीचाच असेल तर मेन चालू ठेवून बाकीचे एमसीबी पाडा, आणि वीज जाऊन आल्यावर टायमरची वेळ टिकते की शून्यावर येते तेही घरी असतानाच तपासा.

बुडाशी टाकी असलेल्या कुंड्या आणि पाऊस

या कुंड्या विकत आणून लगेच त्यांच्या टाकीवर झाड सोडलं तर ते वाळणारच. मुळं खालपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तोपर्यंत पहिले दोन-तीन आठवडे वरूनही पाणी घालावं लागतं. तांबडी माती थेट यात भरू नका, ती सतत पाणी शोषून चिखल होते आणि मुळांना हवा मिळत नाही. मातीवर पांढरी साय दिसू लागली की समजा, पाणी फक्त खालून वर जात असल्याने क्षार पृष्ठभागी साठलेत. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते धुऊन काढा आणि टाकी ओतून टाका. काळी बारीक चिलटं उडत असतील तर टाकी दोन दिवस पूर्ण कोरडी राहू द्या.

पावसाळ्यात गॅलरीचे दोन भाग होतात, आणि गणपतीला गावाला जाणाऱ्यांची फसगत इथेच होते. ग्रिलजवळच्या कुंड्यांवर तिरका पाऊस मारतो, भिंतीजवळच्या कुंड्यांपर्यंत थेंबही येत नाही. बाहेर धो धो कोसळतंय म्हणून सगळी साधनं काढून ठेवली तर आतल्या वाळतात, सगळी चालू ठेवली तर बाहेरच्या कुजतात. ग्रिलजवळच्या कुंडीची वात काढा, टाकीची कुंडी असेल तर जास्तीचं पाणी जायचं भोक मोकळं आहे ना ते काडी घालून बघा, आणि ताटल्या काढून टाका. आतल्या कुंड्यांची जोडणी उन्हाळ्यासारखीच राहू द्या, पाणी मात्र निम्मं.

डासांच्या बाबतीत माझा आग्रह आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणजे आपण गावाहून येईपर्यंत एक पिढी तयार. महापालिकेचे कर्मचारी घरोघरी कुंड्यांच्या ताटल्या तपासतात ते यासाठीच. टबला झाकण लावा, त्याला वातीपुरतंच भोक ठेवा, टाकीच्या कुंडीच्या भोकांवर बारीक नायलॉनची जाळी चिकटवा. ही अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. टब आतून ब्रशने घासूनच पुन्हा भरा.

अडेनियम, कोरफड, स्नेक प्लांट यांना यातलं काहीही जोडू नका. जाण्याच्या आदल्या दिवशी एकदा पाणी घालून ती सावलीत ठेवा, दोन-तीन आठवडे त्यांना कशाची गरज नाही.

परत आल्यावर झाड मलूल दिसलं तर आधी माती बघा. कोरडी असेल तर कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवा आणि दोन दिवस उन्हापासून दूर ठेवा. वाळलेल्या फांद्यांची साल नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर ती कापू नका. माती ओली आणि आंबूस वासाची असेल तर झाड कुंडीतून काढा, काळी-मऊ मुळं कापा, कोरड्या हलक्या मिश्रणात लावा आणि चार दिवस वात जोडू नका. दोन्ही प्रकारांत पंधरा दिवस खत नको.